घरातील पियानो : सूर लावणे, देखभाल आणि निगा

या पाठात आपण घरातील उभ्या म्हणजे अपराइट पियानोची देखभाल समजून घेणार आहोत. विषय संगीताचा वाटला तरी त्याचा बराचसा भाग अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकलेल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताणलेल्या तारेची कंपने, विस्पंद, लाकडातील ओलावा, घर्षण आणि तरफ एवढे आठवत असेल तर पुढचे सर्व समजेल. संगीताचे पूर्वज्ञान आवश्यक नाही.

प्रश्न मात्र व्यवहारातला आहे. मुंबई, गोवा, कोलकाता, चेन्नई किंवा ईशान्येकडील राज्यांत अनेक घरांत, चर्चमध्ये आणि शाळांत जुने पियानो आहेत. दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाले की ते बेसूर होतात, पट्ट्या अडकू लागतात आणि शेवटी ते भंगारात जातात. यातले बरेचसे नुकसान टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते : नीट बसलेला पियानो प्रामुख्याने वाजवल्यामुळे नव्हे, तर हवेतील पाण्यामुळे बेसूर होतो. म्हणून निगा राखण्याची सुरुवात खुंटीपासून नाही, तर खोलीपासून करायची.

१. रचनेची तोंडओळख

इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ. स. १७०० च्या सुमारास पहिला पियानो बनवला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि साधारण २२० ते २३० तारा असतात. खर्जात एका पट्टीला तांबे गुंडाळलेली एक जाड तार, त्याच्या वर दोन तारा आणि मधल्या व वरच्या सप्तकांत प्रत्येकी तीन तारा असतात. पट्टी दाबली की फेल्ट लावलेली हातोडी या तीनही तारांवर एकाच वेळी आदळते.

आपल्या दृष्टीने चार भाग महत्त्वाचे आहेत.

ओतीव लोखंडी चौकट : सर्व तारांचा एकत्रित ताण सुमारे १८ ते २० टन असतो. तो ही चौकट पेलते. एकसंध ओतीव चौकटीचे पेटंट बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉक याने १८२५ मध्ये घेतले. त्याआधीच्या वाद्यांना एवढा ताण झेपत नसे.

ध्वनिफलक : स्प्रूस लाकडाची, एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीची मोठी फळी. ती तारांच्या बाजूला किंचित फुगीर असते.

घोडी : ध्वनिफलकावर चिकटवलेली लाकडी पट्टी. तानपुऱ्याच्या घोडीप्रमाणेच ती तारांचे कंपन खालच्या लाकडाला देते.

खुंट्या आणि खुंट्यांची फळी : सुमारे ७ मिमी व्यासाच्या पोलादी खुंट्या कठीण लाकडाच्या थरांनी बनवलेल्या फळीत घट्ट ठोकलेल्या असतात. त्यांना नट नाही, कुलूप नाही. खुंटी केवळ घर्षणाने जागेवर राहते.

२. पियानो बेसूर का होतो?

ताणलेल्या तारेचा नियम आपल्याला माहीत आहे. मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने तो १६३६ मध्ये मांडला. वारंवारता ही लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पियानोत लांबी आणि वस्तुमान जवळजवळ स्थिर असतात. बदलतो तो ताण. आता हा ताण कोण बदलतो ते पाहू.

लाकूड हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते. ५० टक्क्यांना ते ९ टक्के, ६५ टक्क्यांना १२ टक्के आणि ८० टक्क्यांना सुमारे १६ टक्के होते.

स्प्रूस लाकूड रेषांना आडव्या दिशेने, पाण्याच्या प्रत्येक एक टक्का वाढीमागे सुमारे ०.१४ टक्के फुगते. हवेची आर्द्रता ५० वरून ८० टक्क्यांवर गेली आणि लाकूड पूर्णपणे त्या हवेशी जुळले, तर पाणी ७ टक्क्यांनी वाढेल आणि रुंदी जवळजवळ एक टक्का वाढेल. म्हणजे एक मीटर रुंदीची मोकळी फळी सुमारे १० मिमी रुंदावेल. प्रत्यक्षात ध्वनिफलक कडांना आणि मागच्या आडव्या पट्ट्यांना चिकटवलेला असतो, त्यामुळे त्याला बाजूला पसरता येत नाही. तो तारांच्या दिशेने अधिक फुगतो, घोडी तारांना ढकलते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. कोरड्या ऋतूत याच्या उलट होते आणि स्वर उतरतो.

सर्व तारा सारख्याच चढल्या असत्या तर फारसे बिघडले नसते. पण मधल्या सप्तकांत हा परिणाम जास्त होतो, अगदी खर्जात आणि अगदी वरच्या टोकाला कमी. म्हणून पावसाळ्यात सप्तकांचा आपसांतील मेळ तुटतो, आणि कानाला खटकते ते हेच. हार्मोनियमशी तुलना करून पाहा. तिचा स्वर पितळी पत्तीवर अवलंबून असतो. पेटीचे लाकूड फुगले तर पट्टी अडकेल, पण स्वर फारसा हलणार नाही. पियानोत मात्र लाकूड हा स्वर ठरवणाऱ्या यंत्रणेचाच भाग आहे.

दीर्घकाळात आणखी दोन परिणाम होतात. वारंवार फुगण्या-आकसण्याने खुंट्यांभोवतीचे लाकूड सैल पडते आणि घर्षण कमी होते. मग लावलेला सूर आठवडाभरही टिकत नाही. दुसरे म्हणजे, जुन्या वाद्यांचे सांधे प्राणिज सरसाने जोडलेले असतात आणि हा सरस सततच्या दमट हवेत मऊ पडतो.

३. खोली आणि आर्द्रता

साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता पियानोला मानवते. किनारपट्टीवर पावसाळ्यात ती राखणे कठीण असते. तरी आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. वर्षभर ६० टक्के असलेली खोली ही ३० ते ८५ टक्के असा प्रवास करणाऱ्या खोलीपेक्षा पुष्कळ चांगली.

पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करावी. तो अचूक आहे का हे घरी तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओले होईल पण पूर्ण विरघळणार नाही इतके पाणी घाला. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवून डबा बारा तास बंद ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ८० दाखवत असेल तर त्या पट्ट्यात तो ५ ने जास्त दाखवतो असे समजावे.

जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

• पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पियानो टेकवू नये. शक्यतो आतली भिंत निवडावी आणि मागे १० ते १५ सेंमी मोकळी जागा सोडावी.
• खिडकीतून थेट ऊन किंवा पावसाची सर येईल अशी जागा टाळावी.
• एसीचा झोत थेट वाद्यावर येऊ देऊ नये.
• नागपूर किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात कूलरच्या समोर पियानो ठेवू नये. बाहेर हवा अत्यंत कोरडी आणि कूलर सुरू होताच दमट, असे झटके रोज बसतात.
• पियानोवर फुलदाणी, पाण्याचा पेला किंवा कुंडी ठेवू नये.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न : आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर? हिशेब करू. पियानोत १०० किलो लाकूड आहे असे धरा. ९ वरून १६ टक्क्यांपर्यंत जाताना ते ७ किलो पाणी घेईल. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकेच पाणी शोषते. म्हणजे २५ किलोच्या आसपास जेल लागेल, आणि तेही पुन्हा पुन्हा तापवून कोरडे करावे लागेल. १०० ग्रॅमच्या पुडीने मनाचे समाधान होते, पियानोचे नाही. पावसाळी दिवसांत खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड चालवणे हा खरा उपाय आहे. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवले तर बाहेरची ओली हवा आत येतच राहते.

दुसरा मार्ग वाद्याच्या आत सौम्य उष्णता देण्याचा. ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा फक्त ४ अंशांनी तापवली तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर येते. पियानोसाठी मिळणारी कमी वॅटची तापक कांडी याच तत्त्वावर चालते. पूर्वी यासाठी पियानोच्या तळाशी लहान बल्ब लावून ठेवत. फेल्ट, धूळ आणि सुके लाकूड यांच्या शेजारी गरम बल्ब हा आगीचा धोका आहे. तो प्रयोग करू नये. शिवाय एलईडी दिवा या कामासाठी पुरेशी उष्णता देतही नाही. कांडी लावलीच तर ती आर्द्रता पाहून आपोआप बंद होणारी हवी. कोरड्या महिन्यांत ती चालू राहिली तर ध्वनिफलकाला तडे जातात.

४. सूर लावण्याचे तत्त्व : विस्पंद

जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाज लहान-मोठा होत राहतो. त्याच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या ही दोन वारंवारतांतील फरकाइतकी असते. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजले तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. दोन्ही तंतोतंत जुळले की आवाज सपाट आणि स्थिर होतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना आपण नेमके हेच ऐकतो. पियानो लावणारा कारागीर फक्त ‘गोड लागते का’ एवढेच ऐकत नसतो. तो विस्पंद मोजत असतो.

सूक्ष्म अंतर मोजण्यासाठी सेंट हे एकक वापरतात. एका सप्तकात १२०० सेंट आणि लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. ४४० हर्ट्झच्या आसपास एक सेंट म्हणजे सुमारे ०.२५ हर्ट्झ. म्हणजे एकाच पट्टीच्या दोन तारांत एक सेंटचा फरक असेल तर चार सेकंदांत एक विस्पंद पडेल. एवढा फरकही सरावलेल्या कानाला कळतो.

५. बारा स्वरांची वाटणी

पियानोत सप्तकाचे बारा समान भाग करतात. प्रत्येक पायरीचे गुणोत्तर दोनचे बारावे मूळ, म्हणजे १.०५९४६. याला टेम्पर्ड स्केल म्हणतात. यामुळे कोणत्याही पट्टीपासून सुरुवात करता येते, पण सप्तक सोडून एकही अंतर पूर्ण शुद्ध राहत नाही. षड्ज-पंचमाचे अंतर शुद्ध पंचमापेक्षा २ सेंटने कमी पडते. षड्ज-गांधाराचे अंतर शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंटने जास्त होते. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा गांधार चढा वाटतो, याचे कारण हेच. तो पियानोतील बिघाड नाही.

ही ठरवून केलेली चूक विस्पंदांनी तपासता येते. २२० हर्ट्झच्या ए स्वराचा तिसरा हार्मोनिक ६६० हर्ट्झ. त्याच्या वरच्या ई स्वराची वारंवारता ३२९.६३, तिचा दुसरा हार्मोनिक ६५९.२६. फरक ०.७४. म्हणून हा पंचम नीट लावला असेल तर साधारण चार सेकंदांत तीन विस्पंद पडतात. गांधाराचे अंतर असलेल्या जोड्या याहून बऱ्याच वेगाने डोलतात :

एफ–ए (१७४.६१ आणि २२०.०० हर्ट्झ) : सेकंदाला ६.९
ए–सी शार्प (२२०.०० आणि २७७.१८ हर्ट्झ) : सेकंदाला ८.७
सी शार्प–एफ (२७७.१८ आणि ३४९.२३ हर्ट्झ) : सेकंदाला ११.०

वर जाताना वेग सारख्या प्रमाणात वाढत गेला पाहिजे. मध्येच एखादी जोडी मंदावली तर त्या दोनांपैकी एक स्वर चुकला आहे. अशा रीतीने मधले एक सप्तक बसवतात आणि मग सप्तकांच्या मेळाने खाली-वर जातात.

येथे एक अडचण येते. आदर्श तार पूर्ण लवचीक मानलेली असते. खऱ्या पोलादी तारेला ताठरपणा असतो. त्यामुळे तिचे हार्मोनिक पूर्णांक पटींपेक्षा किंचित चढे असतात. मग सप्तक कानाला जुळावे म्हणून ते दुपटीपेक्षा थोडे मोठे ठेवावे लागते. चांगल्या लावलेल्या पियानोत वरचे टोक गणितापेक्षा चढे आणि खर्ज उतरलेला असतो. रेल्सबॅक याने १९३८ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून गिटारचे साधे ट्यूनर ॲप घेऊन ८८ पट्ट्या एकेक करून ‘शून्यावर’ आणल्या तर वाद्य बेसूरच वाटेल. पियानोसाठीची ॲप आधी त्या विशिष्ट वाद्याच्या तारांचा ताठरपणा मोजतात आणि मग लक्ष्य ठरवतात.

६. खुंटी किती फिरवायची?

समजा, ४४० हर्ट्झच्या ए स्वराची तार १ मिमी व्यासाची आणि तिचा वाजणारा भाग ४०० मिमी आहे. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर घेतली तर सूत्रावरून ताण सुमारे ७६० न्यूटन, म्हणजे ७८ किलोभार येतो. केवळ एका तारेवर एका माणसाच्या वजनाएवढा ताण.

खुंटीचा परीघ सुमारे २२ मिमी. ती एक अंश फिरवली तर ०.०६ मिमी तार गुंडाळली जाते. तारेची एकूण लांबी ६०० मिमी आणि पोलादाचा यंग गुणांक २०० गिगापास्कल धरला तर ताण सुमारे १६ न्यूटनने, म्हणजे २ टक्क्यांनी वाढतो. वारंवारता वर्गमुळानुसार बदलत असल्याने ती १ टक्का वाढते. एक टक्का म्हणजे सुमारे १८ सेंट.

तेव्हा एक सेंट बदलण्यासाठी खुंटी एका अंशाच्या अठराव्या भागाने फिरवायची. ट्यूनिंग लिव्हर ३० सेंमी लांबीची असेल तर तिच्या टोकाची हालचाल फक्त ०.३ मिमी होते. आपल्याला प्रत्यक्षात १ ते २ सेंटच्या आत यायचे असते, तेही २२० तारांवर. हे काम शिकायला वर्षे का लागतात आणि अनुभवी कारागिराचे पैसे कशासाठी असतात, ते या एका हिशेबावरून कळते.

७. एकच बेसूर तार कशी लावावी?

पूर्ण पियानो लावणे कारागिराचे काम आहे. पण एखाद्या पट्टीच्या तीन तारांपैकी एक सरकली असेल तर काळजीपूर्वक काम करणारा विद्यार्थी ती दुरुस्त करू शकतो. साहित्य : खुंटीच्या चौकोनी डोक्याला नेमकी बसणारी ट्यूनिंग लिव्हर, तारा बंद करायच्या रबरी पाचरी आणि चष्मा. पक्कड किंवा पाना वापरू नये. डोके झिजले की खुंटी निकामी होते.

१) वरचे झाकण आणि पुढची फळी काढा. पट्टी दाबून कोणत्या तीन तारांवर हातोडी पडते ते पाहा.
२) पाचर लावून एकेक तार बंद करा. कोणत्या दोन तारा आपसांत जुळतात आणि कोणती वेगळी पडते ते ठरवा.
३) वेगळ्या तारेचा माग डोळ्यांनी आणि बोटाने खुंटीपर्यंत काढा. लिव्हर पूर्ण खोल बसवा. तिचा दांडा तारेला जवळजवळ समांतर, घड्याळाच्या बारा ते एक या दिशेत असावा.
४) आधी किंचित उतरवा. पट्टी वाजवत राहा. स्वर उतरताना ऐकू आला तरच आपण योग्य खुंटीवर आहोत. गंजाने चिकटलेली तारही यामुळे सुटते.
५) आता हळूहळू चढवा. विस्पंद मंदावत जातील आणि थांबतील. क्षणभर वर जाऊन किंचित खाली येऊन थांबा.
६) पट्टी दोन-तीन वेळा जोरात वाजवा. तारेच्या वेगवेगळ्या भागांतील ताण सारखा होतो. पुन्हा तपासा.

चौथी पायरी कधीही गाळू नका. मी शिकताना ती गाळली होती. लिव्हर शेजारच्या खुंटीवर होती. मी एक तार ऐकत होतो आणि दुसरीच ताणत होतो. स्वर बदलत नाही म्हणून आणखी जोर लावला आणि तार तुटली. तुटलेले टोक चाबकासारखे येते. चष्म्याचा उल्लेख वर केला आहे तो याचसाठी.

लोखंडी चौकटीचे स्क्रू मात्र कोणत्याही कारणाने सैल करू नयेत. तिच्यामागे १८ टन ताण उभा आहे.

८. अनेक वर्षे पडून राहिलेला पियानो

आजोबांच्या काळातला पियानो पंधरा वर्षांनी उघडला आणि तो सगळा अर्ध्या स्वराने, म्हणजे १०० सेंटने उतरलेला निघाला असे समजा. वारंवारता ५.९ टक्के वाढवायची तर ताण १२.२ टक्के वाढवावा लागेल. एकूण ताण १८ टन धरला तर २.२ टन जादा भार वाद्यावर येईल. हे एका बैठकीत नेमके करता येत नाही. पहिल्या तारा चढवून झाल्यावर पुढच्या तारा ताणताना ध्वनिफलक दबतो आणि आधीच्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून कारागीर आधी लक्ष्यापेक्षा थोडे वर धरून एक ढोबळ फेरी करतो, मग काही दिवस किंवा आठवडे थांबून बारीक सूर लावतो.

ए स्वर ४४० हर्ट्झला असावा हा आंतरराष्ट्रीय प्रमाण संकेत आहे. पण जुन्या, गंजलेल्या तारांना तो झेपेलच असे नाही. निर्णय घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात : खुंट्या घट्ट आहेत का, लोखंडी चौकटीला तडा आहे का, घोडीला चिरा पडल्या आहेत का आणि तारांवर खोल गंज आहे का. चौकटीला तडा असेल तर खर्च करू नये. खुंट्या घट्ट आणि तारांवर फक्त वरवरचा गंज असेल तर वाद्य वाचण्याची शक्यता चांगली आहे. तारा कमकुवत असतील तर सर्व वाद्य सारखेच थोड्या खालच्या पट्टीत लावून घेणे हाही प्रामाणिक पर्याय आहे. एकट्याने वाजवणाऱ्याला किंवा शिकणाऱ्याला त्याने फारसे अडत नाही. बासरी किंवा व्हायोलिनबरोबर वाजवताना मात्र त्या वादकाला आधी सांगावे लागेल.

९. रोजची निगा

पट्ट्या : किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. पाणी पट्ट्यांच्या फटीत जाऊ देऊ नये. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये.

अडकलेली पट्टी : पावसाळ्यात पट्टीखालच्या पिनांभोवतीचे कापड व लाकूड फुगल्याने पट्टी वर येत नाही. आधी खोली कोरडी करून काही दिवस वाट पाहावी. तेल, ग्रीस किंवा गंज काढण्याचा फवारा कधीही मारू नये. तेल लाकडात आणि फेल्टमध्ये मुरते. ते खुंट्यांच्या फळीत गेले तर घर्षण संपते आणि नुकसान भरून काढणे फार अवघड होते.

कीड : हातोड्या आणि डॅम्पर यांचे फेल्ट लोकरीचे असते, त्यामुळे कसर लागते. उंदरांनाही त्यात घर करायला आवडते, आणि वाळवी लाकूड पोखरते. दर दोन-तीन महिन्यांनी खालची फळी काढून टॉर्चने पाहावे. पिठासारखा भुगा, लेंड्या, कुरतडलेले फेल्ट किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर लगेच उपाय करावा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर कापडी पिशवीत, पॉलिश आणि प्लॅस्टिकला न लागता ठेवाव्यात. नियमित वाजणाऱ्या वाद्याला कीड कमी लागते, कारण तिला अंधार आणि शांतता हवी असते.

हलवणे : अपराइटचे वजन २०० किलो किंवा अधिक असते आणि त्यातला बराचसा भार मागच्या बाजूला असतो. लहान चाकांवर भरवसा ठेवून दोघांनी तो ढकलू नये. नव्या जागी नेल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मगच सूर लावून घ्यावा.

१०. सूर केव्हा लावावा?

ऑगस्टमध्ये चढलेला स्वर डिसेंबरात बराचसा आपोआप उतरतो. भर पावसाळ्यात सूर लावला तर तो थंडीत उतरलेला सापडेल. म्हणून किनारपट्टीवर पाऊस थांबल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत आणि नोव्हेंबरच्या सुमारास सूर लावावा. वर्षातून दोनदा शक्य असेल तर दुसरी वेळ मार्च-एप्रिलची. दरवर्षी त्याच महिन्यात लावल्यास वाद्य जवळपास त्याच ओलाव्याच्या स्थितीत भेटते आणि खुंट्या कमी फिरवाव्या लागतात. नव्या पियानोच्या तारा पहिल्या वर्षी ताणून लांबतात, म्हणून त्याला त्या वर्षी तीन-चार वेळा सूर लावावा लागतो.

सारांश

पियानोचा स्वर तारेच्या ताणावर, ताण ध्वनिफलकाच्या फुगवट्यावर आणि फुगवटा लाकडातील पाण्यावर अवलंबून असतो. आर्द्रता स्थिर ठेवणे हे मालकाचे काम, बारा स्वरांची वाटणी बसवणे हे कारागिराचे काम. मालकाने आपले काम केले तर कारागिराचे काम टिकते.

स्वाध्याय

१) एक पियानो २० सेंटने उतरला आहे. एकूण ताण १८ टन धरून, तो मूळ स्वरावर आणण्यासाठी किती जादा ताण लागेल? (उत्तर : सुमारे ४२० किलोभार)
२) एकाच पट्टीच्या दोन तारा मिळून पाच सेकंदांत दहा विस्पंद देतात. त्यांपैकी एक ४४० हर्ट्झची आहे. दुसरीच्या दोन संभाव्य वारंवारता कोणत्या? नेमकी कोणती हे प्रयोगाने कसे ठरवाल?
३) भाग ६ मधील हिशेब १५ सेंमी लांबीच्या लिव्हरसाठी पुन्हा करा. लहान लिव्हरने बारीक सूर लावणे अवघड का, ते स्पष्ट करा.
४) आपल्या गावातील एका आठवड्याची आर्द्रता सकाळी, दुपारी आणि रात्री नोंदवा. खिडकी उघडी आणि बंद असताना पडणारा फरक आलेखात दाखवा. आपल्या घरात पियानो कोठे ठेवाल ते त्या आलेखाच्या आधारे लिहा.